रात्री नावेवर कोण येतं?

समुद्रावरच्या संकटाची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा एकाच साच्यात सांगितली जाते. एकटा माणूस, तीन मजली लाटा, कडाडून मोडलेली डोलकाठी, मग जिद्द, मग धक्क्यावर बँड आणि हार. तीस सेकंदांच्या रीलमध्ये हे सगळं नीट बसतं. एकच माणूस बसत नाही, तो म्हणजे मदतीला आलेला. तो आला तरी शेवटच्या दोन सेकंदांत येतो, आणि त्याचं नाव विचारायच्या आत गाणं संपतं.

मला या गाळलेल्या माणसाबद्दल लिहायचं आहे. शिडाच्या नावेवर राहणारा माणूस तिथे प्रवासी नसतो, ते त्याचं घर असतं. बिछाना, स्टोव्ह, कपड्यांची पिशवी, औषधांचा डबा, सगळं दहाबारा मीटरच्या आत. परक्या पाण्यात, मध्यरात्री या घरात काही बिघडलं तर दार उघडून शेजाऱ्याला हाक मारता येत नाही. म्हणून अशा प्रत्येक गोष्टीच्या पोटात एक प्रश्न असतो: आता कोण येणार? गोष्ट सांगणारा या प्रश्नाला किती प्रामाणिकपणे सामोरा जातो, यावरून मी ती गोष्ट जोखते. त्यासाठी चार गोष्टी शेजारी ठेवून पाहू. अजिंठ्याचं एक चित्र, १९०० सालचं एक पुस्तक, २०१३चा एक सिनेमा, आणि २०१८ साली हिंदी महासागरातून आलेले काही टेक्स्ट मेसेज.

दोन नंबरच्या लेण्यातलं जहाज

मी छत्रपती संभाजीनगरात राहते. समुद्र इथून सव्वातीनशे किलोमीटरवर. आमच्याकडे पाण्याचं संकट म्हणजे नळ कोरडा असणं. पाणी जास्त झाल्यामुळे जीव जाईल ही कल्पना इथे बसून करायची तर थोडे कष्ट पडतात. पण समुद्रातल्या संकटाची आपल्याकडची सर्वांत जुनी चित्रं शहरापासून शंभर किलोमीटरवरच आहेत.

अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात, पाचव्या शतकातल्या भिंतीवर एक जहाज आहे. चित्र बरंच झिजलं आहे. तरी तीन डोलकाठ्या, त्यांवरची उंच, अरुंद शिडं, नाळेवर रंगवलेला डोळा, ओळीने ठेवलेले रांजण आणि हात जोडलेला एक माणूस ओळखू येतो. गाइड सहसा शिडं मोजून दाखवतात आणि पुढे नेतात. थांबून पाहावा तो हात जोडलेला माणूस.

ही पूर्णाची गोष्ट. ती 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथात आली आहे आणि घडते शूर्पारकात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळ. पूर्ण हा व्यापाऱ्याचा दासीपासून झालेला मुलगा. वडील गेल्यावर भावांनी वाटण्या केल्या, तेव्हा दोघांनी त्याला घरातल्या वस्तूंसारखं मोजलं. थोरल्या भाविलाने मात्र घरदार सोडून पूर्णाला आपल्या वाट्याला घेतलं. पुढे पूर्ण समुद्रावर व्यापार करून श्रीमंत झाला आणि मग सगळं टाकून भिक्षू झाला.

नंतर भाविल स्वतः समुद्रावर गेला. व्यापाऱ्यांना चंदनाचं एक वन सापडलं आणि पाचशे कुऱ्हाडी चालू लागल्या. वन एका यक्षाच्या राखणीत होतं. त्याने 'कालिकावात', म्हणजे काळा वारा, सोडला. व्यापारी एकेका देवाचं नाव घेऊ लागले. भाविलाला भाऊ आठवला. पूर्ण आकाशमार्गे आला, जहाजावर अधांतरी मांडी घालून बसला आणि वारा थांबला.

पहिल्या वाचनात ही चमत्काराची कथा वाटते. दुसऱ्या वाचनात तिच्यातला हिशेब दिसतो. वादळ अचानक आलेलं नाही. ते पाचशे कुऱ्हाडींना मिळालेलं उत्तर आहे. आणि वाचवणारा कोण, तर ज्याला घराने माणूस म्हणून मोजलं नव्हतं तो. तो येतो, कारण आतल्या एकाने कधीकाळी त्याला भाऊ मानलं होतं. संकट कशामुळे आलं आणि मदत कोणत्या नात्याने आली, हे दोन्ही या गोष्टीने सांगितलं आहे. गोष्ट साधूची असली तरी भाबडी नाही. वारा थांबल्यावर व्यापारी चंदन घेऊनच परततात, आणि त्याच चंदनाचा बुद्धासाठी मंडप उभा राहतो. कापलेल्या झाडांचा प्रश्न कथा सोडवत नाही, पण लपवतही नाही.

आता याच चित्राचा आजचा अवतार पाहा. अजिंठ्यातलं जहाज नमुना धरून गोव्यात, खिळे न मारता, नारळाच्या काथ्याने फळ्या शिवून एक नौका बांधली गेली. २१ मे २०२५ रोजी कारवारला ती नौदलात दाखल झाली. नाव 'कौंडिण्य'. २९ डिसेंबर २०२५ला ती पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी २०२६मध्ये मस्कतला पोचली. चित्रावरून खरं, तरंगणारं जहाज उभं करणं हे मोठं काम आहे. फळ्या शिवणाऱ्या कारागिरांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण तिच्याबद्दल जे बोललं जातं, ते मला अपुरं वाटतं. शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य आहेत, नाळेवर सिंहयाळी आहे, आणि भाषणांत प्राचीन सागरी वैभव आहे. आपण चित्रातून जहाज उचललं आणि गोष्ट भिंतीवरच ठेवली. ते जहाज वैभवाचं म्हणून रंगवलेलं नाही. ते लोभापायी अडचणीत आलेलं आणि भावाला हाक मारणारं जहाज आहे.

पिंटाचा सुकाणूवाला आणि बारीक खिळे

जोशुआ स्लोकम हा शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. 'स्प्रे' नावाची जुनी नाव त्याने स्वतः दुरुस्त केली, २४ एप्रिल १८९५ला बोस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ला परतला. १९०० साली आलेलं त्याचं 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड' हे पुस्तक जगभरचे दर्यावर्दी अजून वाचतात. पुस्तक सरळ, विनोदी आणि आटोपशीर आहे. त्यातल्या दोन रात्री मला आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली अटलांटिकमधली. अझोर्स बेटांवर मिळालेले आलुबुखार आणि पांढरं चीज खाऊन त्याच्या पोटात जीवघेण्या कळा येतात. वादळ वाढतं आहे, शिडं कमी करायला हवीत, पण तो केबिनच्या जमिनीवर गडाबडा लोळतो आहे. शुद्धीवर येताना त्याला सुकाणूपाशी एक उंच, परदेशी खलाशी दिसतो. तो सांगतो, मी कोलंबसच्या ताफ्यातल्या 'पिंटा'चा सुकाणूवाला, मदतीला आलो आहे. आणि चीजसोबत आलुबुखार खाऊ नयेत असंही सुनावतो. सकाळी स्लोकम पाहतो तो नाव खवळलेल्या पाण्यातून आपल्या दिशेवरच आहे.

स्लोकम ही भुताची गोष्ट करत नाही आणि तापातला भास म्हणून झटकूनही टाकत नाही. एकट्या माणसालाही सोबत लागते, ती मिळाली नाही तर मन ती घडवतं, एवढं तो हसत हसत मान्य करतो. 'एकट्याने' हा शब्द शीर्षकात असलेल्या पुस्तकात हा पाहुणा यावा, याला मी पुस्तकाचा मोठेपणा म्हणेन.

दुसरी रात्र मॅगेलनच्या सामुद्रधुनीतली, १८९६ सालची. पुंटा अरेनास बंदरातल्या एका कप्तानाने त्याला पिशवीभर बारीक टोकदार खिळे दिलेले असतात. रात्री झोपण्यापूर्वी तो ते डेकवर पसरतो. मध्यरात्री अनवाणी माणसं नावेवर चढतात, खिळ्यांवर पाय पडतात, ओरडत पाण्यात आणि आपल्या होड्यांत उड्या घेतात. स्लोकम बंदुकीचे बार काढतो आणि पुन्हा झोपतो. पुस्तकातला हा सर्वांत लोकप्रिय प्रसंग. पिढ्यान्‌पिढ्या वाचक त्यावर हसले आहेत.

मला इथे हसू येत नाही. स्लोकमची भीती खरी होती हे मान्य. पण त्याच्यासाठी ही माणसं फक्त 'रानटी' आहेत, आणि त्यांचा आवाज कुत्र्यांच्या कळपासारखा. त्या खाड्यांत राहणारे यागान आणि कावेस्कार लोक हजारो वर्षं होड्यांतच जगत होते. अख्खं कुटुंब होडीत, आणि होडीच्या मधोमध जपलेला विस्तव. त्या किनाऱ्यावरचे विस्तव पाहूनच युरोपीय दर्यावर्द्यांनी त्या मुलखाला 'तिएरा देल फुएगो', अग्नीची भूमी, हे नाव दिलं. स्लोकम तिथे पोचला त्याच काळात मेंढ्यांच्या मोठमोठ्या कुरणांसाठी या भागातल्या मूळ लोकांची, विशेषतः सेल्कनाम लोकांची, शिकार चालू होती.

म्हणजे त्या रात्री नावेवर घर करून राहणारे दोन्ही बाजूंना होते. स्लोकमचं घर तीन वर्षांचं, त्यांचं हजारो वर्षांचं. संकट कोणाचं आणि परदेश कोणाचा, हा प्रश्न पुस्तकाला पडत नाही. पोटदुखीच्या रात्री आलेल्या काल्पनिक गोऱ्या खलाशाला स्लोकमने बोलतं केलं. खिळ्यांच्या रात्री आलेल्या जिवंत माणसांना एक शब्दही दिला नाही. उत्तम लेखकाची कल्पनाशक्ती नेमकी कुठे थांबते हे पाहायचं असेल, तर ही दोन प्रकरणं लागोपाठ वाचावीत.

बुटांचा कंटेनर

जे. सी. चँडर यांचा 'ऑल इज लॉस्ट' हा सिनेमा २०१३चा. पावणेदोन तास, पडद्यावर एकच नट, रॉबर्ट रेडफर्ड, आणि संवाद जवळजवळ नाहीतच. हिंदी महासागरात, सुमात्राच्या सामुद्रधुनीपासून सतराशे सागरी मैलांवर एक म्हातारा आपल्या नावेत झोपलेला असतो. जाग येते तेव्हा केबिनमध्ये पाणी शिरत असतं. कुठल्यातरी मालवाहू जहाजावरून पडलेल्या कंटेनरने नावेला भोक पाडलं आहे, आणि त्या कंटेनरमधून बूट तरंगत बाहेर येत आहेत.

अनुभवी दर्यावर्द्यांनी या सिनेमावर पुष्कळ तांत्रिक आक्षेप घेतले. तो हे का करत नाही, ते आधी का करत नाही. आक्षेप बरोबर असतील. तरी मला हा सिनेमा मोठा वाटतो, कारण तो संकटाला घरकामासारखं दाखवतो. भोकावर थर चढवणं, हातपंपाला दांडा नाही म्हणून लाकूड तासून तो बनवणं, भिजलेला रेडिओ पुसून उन्हात ठेवणं. मोठं वादळ समोर दिसत असताना हा माणूस आरशासमोर उभा राहून दाढी करतो. घाबरलेला माणूस ओरडतो हे सगळेच दाखवतात. तो सवयीच्या कामाला कसा धरून राहतो, हे दाखवायला निरीक्षण लागतं.

मग नाव जाते. तो रबरी तराफ्यावर येतो, सेक्स्टंट शिकतो, जहाजांच्या मार्गावर पोचतो. इमारतीएवढी मालवाहू जहाजं अगदी जवळून जातात. तो हाका मारतो, फ्लेअर पेटवतो. डेकवर माणूसच दिसत नाही. अजिंठ्याच्या कथेशी ताडून पाहा: तिथे चंदन, इथे बूट. दोन्हीकडे संकट मालाच्या वाहतुकीतून आलं आहे. फरक इतकाच की चंदनाच्या जहाजावरच्या माणसाला हाक मारायला भाऊ होता. ज्या व्यवस्थेने बूट पाठवले तिला डोळे नाहीत. तुमच्या-माझ्या पायातले, ऑनलाइन मागवलेले बूटही अशाच एखाद्या कंटेनरमधून येतात. त्या अर्थाने आपणही त्या न थांबणाऱ्या जहाजावर आहोत.

शेवटी रात्री दूर एक दिवा दिसतो. त्याच्याकडे जाळायला उरलेली वस्तू म्हणजे नोंदवहीची पानं. ती पेटवताना तराफाही पेटतो, तो पाण्यात उतरतो, बुडू लागतो, आणि वरून एक हात येतो. तो हात कोणाचा, सिनेमा सांगत नाही. अनेकांना हा शेवट संदिग्ध वाटला. माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमाने शंभर मिनिटं हातपंपाच्या दांड्याकडेही इतकं लक्ष दिलं. वाचवणाऱ्या हातामागे चेहरा आहे की नाही, याकडेही द्यायला हवं होतं. नायकालाही नाव नाही, वाचवणाऱ्यालाही नाही. नायकाच्या बाबतीत ही युक्ती चालते, कारण आपण त्याच्यासोबत राहिलेलो असतो. दुसऱ्याच्या बाबतीत ती पळवाट होते.

'थुरिया'वरून आलेले मेसेज

चौथी गोष्ट खरीखुरी आणि आपल्या जवळची आहे. १९६९ साली पहिल्यांदा एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा पूर्ण करणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या 'सुहैली'त बसून गेले, ती सागवानी नाव मुंबईत, कुलाब्यात बांधलेली. त्या शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीसाठी, २०१८च्या गोल्डन ग्लोब रेससाठी, 'सुहैली'चीच प्रतिकृती गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली. तीच 'थुरिया'. सुकाणूवर नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी. २०१२-१३मध्ये मुंबईहून निघून १५१ दिवसांत न थांबता जगप्रदक्षिणा केलेला हा माणूस.

१ जुलै २०१८ला फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोन बंदरातून शर्यत सुटली. नियम असा की जीपीएस वापरायचं नाही, सगळं १९६८च्या पद्धतीने. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून साधारण १९०० सागरी मैलांवर वादळाने 'थुरिया' उलटीपालटी केली. डोलकाठी गेली, टॉमींच्या कण्याला गंभीर इजा झाली. उपग्रह फोन निकामी झाला. उरलं ते टेक्स्ट मेसेज पाठवणारं एक छोटं यंत्र.

त्यावरून आलेले निरोप तुटक होते. नाव उलटली, डोलकाठी गेली, पाठीला मोठी दुखापत, उठता येत नाही. नंतर: पायाची बोटं हलवता येतात, चालता येणार नाही, स्ट्रेचर लागेल. साहित्यसमीक्षक म्हणून मी या ओळींकडे पाहते तेव्हा जाणवतं, की त्यांत एकही विशेषण फुकट नाही आणि प्रत्येक वाक्य येणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं आहे. काय झालं, मी कसा आहे, तुम्ही काय घेऊन या. वेदना आहे, पण ती माहितीच्या रूपात आहे. आपण दिवसभर मेसेज लिहिणारे लोक. मेसेज हा गद्यप्रकार किती ताकदीचा होऊ शकतो, याचा असा पुरावा क्वचित मिळतो.

तो तीन रात्री बंकवर पडून होता. आणि कोण आलं? भारतीय नौदलाचं आणि ऑस्ट्रेलियाचं टेहळणी विमान डोक्यावरून गेलं, नाव दिसल्याची खूण पटली. त्याच वादळात डोलकाठी गमावलेला आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन तात्पुरतं शीड उभारून मोडक्या नावेनिशी टॉमींच्या दिशेने वळला. २४ सप्टेंबरला पोचलं ते 'ओसिरिस', फ्रान्सचं मासेमारीवर गस्त घालणारं जहाज. त्याच्या खलाशांनी छोट्या बोटीतून जाऊन हलता न येणाऱ्या माणसाला स्ट्रेचरवर घेतलं आणि पुढे ॲमस्टरडॅम बेटावरच्या दवाखान्यात पोचवलं. तिथून त्यांना आणायला 'आयएनएस सातपुडा' गेली.

त्या आठवड्यात मी वाचलेल्या मथळ्यांत शौर्य होतं, देश होता, देवाची कृपा होती. 'ओसिरिस' एका ओळीत, आणि मॅकगकिन बहुधा शेवटच्या परिच्छेदात. वाचवलं जाणं म्हणजे जणू कमीपणा, अशा घाईने बातमी त्यावरून पुढे सरकते. याच वर्षी 'तारिणी'वरच्या सहा महिला नौदल अधिकारी जगप्रदक्षिणा करून परतल्या. सुकाणूत बिघाड झाला म्हणून त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुईला ठरलेलं नसताना थांबावं लागलं होतं. माझ्या दृष्टीने तो थांबा प्रवासातला सर्वांत सांगण्याजोगा भाग. कौतुकाच्या लेखांत मात्र 'लेकींचा पराक्रम' पुष्कळ आणि सुकाणू फार थोडं होतं.

टॉमी २०२२च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. त्याच शर्यतीत, १८ नोव्हेंबर २०२२ला, फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची नाव काही मिनिटांत बुडाली आणि ते तराफ्यावर आले. कर्स्टन रात्रभर नाव हाकत त्यांच्याकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना उचलून घेतलं. टॉमींनाही त्या दिशेने वळायला सांगितलं गेलं होतं. चार वर्षांपूर्वी बंकवर पडून वाट पाहणारा माणूस आता वाटेवरचा झाला होता. जिंकणाऱ्या बाईने शर्यत बाजूला ठेवून एक रात्र दुसऱ्यासाठी जागवली, ही गोष्ट कुठल्याही हाराहून मोठी आहे.

मग चांगली गोष्ट कोणती?

एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, कमांडर दिलीप दोंदे यांचं 'द फर्स्ट इंडियन' हे पुस्तक इथे आठवतं. २००९ साली मुंबईहून निघून ते २०१०मध्ये परतले. पुस्तकाचा मोठा भाग मात्र त्याआधीच्या वर्षांचा आहे: व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची कल्पना, निधीची धावपळ, दिवाडी बेटावर 'म्हादेई' बांधणं, नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली शिकणं. लाटांच्या आशेने पुस्तक उघडणाऱ्याला हा भाग लांबलेला वाटेल. मला तोच पुस्तकाचा कणा वाटतो. एकटा माणूस समुद्रावर जातो तेव्हा किती जण आधीच त्याच्या नावेत बसलेले असतात, ते त्यातून कळतं.

चारही गोष्टी एकत्र ठेवल्यावर माझा कौल असा. पूर्णाच्या कथेला संकटाचं कारण आणि मदतीचं नातं, दोन्ही माहीत आहेत. म्हणून ती पंधराशे वर्षांनीही वाचता येते. स्लोकम स्वतःबद्दल खरं लिहितो, दुसऱ्यांबद्दल नाही. चँडर यांना व्यवस्था दिसते, हात दिसतो, चेहरा दिसत नाही. 'थुरिया'वरचे मेसेज सर्वांत लहान आणि सर्वांत सच्चे आहेत, पण त्यांच्याभोवती आपण रचलेली गोष्ट अजून पोकळ आहे.

ती भरून काढणारं पुस्तक मराठीत कोणीतरी लिहायला हवं. त्यात 'ओसिरिस'च्या छोट्या बोटीतल्या खलाशांना तेव्हा कशी लाट लागली ते असावं, मॅकगकिनने मोडकी नाव वळवताना काय बाजूला ठेवलं ते असावं, कुलाब्याच्या आणि दिवाडीच्या सुतारांचं काम असावं. आणि लिहिणाऱ्याने आधी एकदा दोन नंबरच्या लेण्यात जाऊन यावं. त्या चित्रकाराने शिडं नीट रंगवली, रांजण नीट रंगवले, पण जहाजाची गोष्ट ज्याच्यामुळे होते तो हात जोडलेला माणूस गाळला नाही.